पायऱ्या कुणासाठी?

फोंडा, १२ जुलै, रात्री

दुपारपासून पाऊस धरून आहे. सातला वीज गेली ती अजून आलेली नाही. मेणबत्तीच्या उजेडात पेज जेवलो, घरचे सगळे झोपले, आणि मी टॉर्च उशीला टेकवून पुन्हा ‘रॉन्देव्हू विथ रामा’ उघडली. कितवी खेप ते मोजणे कधीच सोडले. पण टॉर्चच्या उजेडात ती पहिल्यांदाच वाचते आहे, आणि ती वाचायची खरी रीत हीच असावी, कारण त्यातली माणसे आत शिरतात तेव्हा आत मिट्ट काळोखच असतो.

आर्थर सी. क्लार्क यांची ही कादंबरी १९७३ सालची. २१३१ मध्ये सूर्यमालेत बाहेरून काहीतरी येते. आधी लघुग्रह वाटतो. ग्रीक आणि रोमन देवांची नावे तोवर वापरून संपलेली, म्हणून त्याला आपल्या रामाचे नाव मिळते. जवळून बघतात तर गुळगुळीत दंडगोल, ५० किलोमीटर लांब आणि २० किलोमीटर रुंद. आपला गोवा उत्तर-दक्षिण जेमतेम १०५ किलोमीटर. म्हणजे अर्धा गोवा कुणीतरी आतून पोकळ करून अवकाशात सोडून दिलेला.

तो दर चार मिनिटांनी स्वतःभोवती एक फेरी घेतो. नववीच्या वर्गात मी हे गणित दरवर्षी घालते. आधी अंगणात पाण्याची बादली गरगर फिरवून दाखवते, डोक्यावर उलटी होऊनही पाणी सांडत नाही तेव्हा मुले टाळ्या पिटतात. मग फळ्यावर आकडे. आतली त्रिज्या ८ किलोमीटर, फेरी २४० सेकंदांची. उत्तर येते सेकंद वर्गाला साधारण साडेपाच मीटर, म्हणजे पृथ्वीवरच्या वजनाच्या निम्म्याहून थोडे जास्त. आणि बरोबर मध्यावर, आसावर? शून्य. म्हणून आत शिरलेली माणसे आसाकडून खाली उतरतात तेव्हा पायरीगणिक त्यांचे वजन वाढत जाते. हे वाचताना माझ्या पोटऱ्या खरोखरच जड होतात.

त्या पायऱ्यांपाशीच मी दर वेळी अडकते. आत समुद्र आहे, वर्तुळाकार, गोठलेला. सूर्य जवळ येतो तसा तो वितळतो आणि वादळे उठतात. पुढे उजेडही होतो. सगळे भव्य. पण मला छळतात त्या पायऱ्या. जिने तीन. पायरी म्हटली की कुणाचा तरी पाय आला. तो पाय कुणाचा, हे शेवटपर्यंत कळत नाही. बांधणारे येतच नाहीत. राम सूर्याला वळसा घालून, त्याच्याकडून ऊर्जा घेऊन आपल्या वाटेने निघून जातो, माणसांकडे ढुंकूनही न बघता. पुढे या कादंबरीचे आणखी भाग निघाले, त्यांत बरेच उलगडून सांगितले आहे. मला ते रुचले नाहीत.

लॅरी निव्हन यांची ‘रिंगवर्ल्ड’ १९७० सालची. तिथे तर सूर्यासारख्या ताऱ्याभोवती पृथ्वीच्या कक्षेएवढे अखंड कडे बांधलेले. तिची गोष्ट मला फारशी आवडत नाही, पण तिच्यामुळे वाचकांनी जे केले त्यावर माझा जीव आहे. १९७१ साली बोस्टनच्या विज्ञानकथा संमेलनात एमआयटीचे विद्यार्थी ‘रिंगवर्ल्ड अस्थिर आहे’ असे ओरडत फिरले. मुद्दा बिनतोड होता. अखंड कडे थोडे जरी एका बाजूला सरकले, तर ताऱ्याच्या जवळ आलेली बाजू जास्त ओढली जाते आणि सरकणे वाढतच जाते. शनीची कडी अखंड असूच शकत नाहीत हे भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने १८५९ मध्ये असेच गणिताने दाखवले होते. निव्हन यांनी चूक मानली आणि पुढच्या कादंबरीत कड्याच्या काठावर त्याला जागेवर आणणारी इंजिने बसवली. माझ्या फळ्यावरची चूक एखाद्या मुलाने दाखवली की मला हीच गोष्ट आठवते आणि त्या दिवशी मला फार बरे वाटते.

गेल्या एप्रिलमध्ये बाबांना घेऊन दक्षिण गोव्यात रिवणजवळ उसगळीमळला गेले. कुशावती नदीच्या काठी जांभ्याचा सपाट कातळ, त्यावर हजारो वर्षांपूर्वी कोरलेली चित्रे. बैल, हरणे, आणि एक चक्रव्यूह. १९९३ पर्यंत हे सगळे गाळाखाली होते. तिथल्या एका गृहस्थांनी तांब्यातून थोडे पाणी ओतले. आधी काहीच नाही, नुसता लाल दगड. मग पाणी खाचेत शिरले, वळले, आणखी वळले, आणि काळ्या ओल्या रेषेत चक्रव्यूह उमटत गेला. हात लावायचा नाही, म्हणून मी बोट वीतभर वर धरून त्या रेषेवरून फिरवत राहिले. खाच माझ्या बोटाएवढी. मध्याशी पोचायच्या आत दोनदा वाट चुकले. कोरणारा कोण, कशासाठी, विचारायला कुणी नाही. ‘रामा’त शिरलेल्या माणसांचा म्होरक्या, तो कमांडर नॉर्टन, पहिल्या पायरीवर उभा राहिला असेल तेव्हा त्याच्या पोटात जे हलले असेल, तेच माझ्या पोटात हलले.

बाबा आयुष्यभर जमीन मोजणीचे काम करत होते. ते खाली वाकून म्हणाले, “बाय, कोरणारा उजव्या बाजूने बसला असणार. खाचेची ही कड बघ, खडी आहे. दुसरी उतरती.” बरोबर की चूक ते मला ठरवता येईना. पण कातळापाशी कुणीतरी येऊन बसल्यासारखे वाटले खरे.

आमच्या कुळागरातल्या, म्हणजे सुपारीच्या बागेतल्या, जुन्या घराच्या पायऱ्या जांभ्याच्या आहेत आणि अंमळ उंच. आई अजून कुरकुरते. आजोबांनी स्वतः बांधल्या होत्या. मी त्यांना पाहिलेले नाही, घरात त्यांचा फोटोही नाही. रविवारी पाऊस उघडला तर बाबांची टेप घेऊन जाणार आहे.

टॉर्च पिवळी पडली. नॉर्टनची माणसे अजून सपाटीवर पोचायची आहेत.