पट्टीचा फॉर्म उघडला की प्रोग्रॅम गायब, माझे तीन दिवस

सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळदीच्या आडत दुकानाचं कॉम्प्युटरचं सगळं काम मी बघतो. त्यांचा हिशोबाचा प्रोग्रॅम व्हीबी सिक्स (व्हिज्युअल बेसिक ६) या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेतला आहे, २००२ साली मिरजेच्या एका काकांनी लिहून दिलेला, आणि तो आजही उत्तम चालतो म्हणून कोणी बदलायचं नाव काढत नाही. आधी चार टेबलांवर चार विंडोज सेव्हनचे पीसी होते, ते सगळेच म्हातारे झाले म्हणून आम्ही एकच दणकट मशीन घेतलं, त्यावर विंडोज सर्व्हर २०१९ टाकलं आणि चौघांना रिमोट डेस्कटॉपने त्यावर जोडून दिलं. शनिवारी डेटा हलवला, सौद्याच्या दोन-चार एंट्र्या करून बघितल्या, सगळं ठीक वाटलं.

सोमवारी सकाळी साडेअकराला दिवाणजींचा फोन. "अहो, सौदा घेतोय सगळा, पण पट्टीवर क्लिक केलं की बंदच पडतंय बघा." हळदीचा सीझन, बाहेर गाड्या उभ्या, शेतकरी पट्टीसाठी बाकड्यावर बसलेले. पट्टी म्हणजे त्याच्या मालाचं वजन, भाव, हमाली-तोलाई वजा जाता हातात किती, तो कागद. तो मिळाल्याशिवाय माणूस गावाकडे जाऊ शकत नाही. त्यामुळे दुकानात गेल्यावर आधी जुन्यातला एक पीसी परत जोडला, त्यावर पट्ट्या चालू केल्या आणि मग सर्व्हरसमोर बसलो.

काही मेसेज नाही, एरर नाही, फॉर्म दिसायच्या आधीच अख्खा प्रोग्रॅम गायब. चौघांनाही तेच, आणि फक्त त्या एकाच फॉर्मला.

पहिला दिवस सगळा नेहमीच्या संशयितांवर गेला. ओसीएक्स (फॉर्मवरच्या तयार भागांच्या) फायली परत रजिस्टर केल्या, व्हीबीचा प्रोग्रॅम चालायला लागणाऱ्या फायलींचा संच, म्हणजे रनटाइम, परत टाकला, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवून बघितलं, एक्सपीचा कम्पॅटिबिलिटी मोड लावला, अँटिव्हायरस थोडा वेळ बंद ठेवला, रात्री रॅमची टेस्ट लावली. रॅम ठणठणीत. आणि सगळ्यात डोकं खाणारी गोष्ट म्हणजे तीच एक्झी (प्रोग्रॅमची चालणारी फाइल), तोच डेटा मी माझ्या विंडोज टेनच्या लॅपटॉपवर घेतला तर पट्टीचा फॉर्म पहिल्या क्लिकला उघडला!

मंगळवारी सकाळी शांतपणे विंडोजच्या नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर उघडला, जे खरं तर आदल्या दिवशी सगळ्यात आधी करायला पाहिजे होतं. ॲप्लिकेशनच्या लॉगमध्ये १००० नंबरचा इव्हेंट. त्यात एक्सेप्शन कोड सी००००००५, म्हणजे ॲक्सेस व्हायोलेशन, तो तर हजार कारणांनी येतो, त्यावरून काहीच ठरत नाही. पण फॉल्टिंग मॉड्यूलच्या, म्हणजे ज्या फाइलमध्ये चूक झाली तिच्या नावाच्या, जागी लिहिलं होतं अननोन. हे मला खटकलं. प्रोग्रॅम पडतो तेव्हा प्रोसेसर कुठल्या तरी एक्झीमधली नाहीतर डीएलएलमधली (प्रोग्रॅमला जोडलेल्या कोडच्या फाइलमधली) सूचना चालवत असतो आणि विंडोज तिचं नाव सांगतं. नाव अननोन येतंय म्हणजे प्रोसेसर अशा पत्त्यावर होता जिथे कुठलीच फाइल लोड नव्हती. त्याच्या लगेच खाली १००१ नंबरचा इव्हेंट, आणि त्यात प्रॉब्लेमचं नाव नेहमीचं ॲपक्रॅश नाही तर बीईएक्स, आणि एक्सेप्शन डेटा ०००००००८.

हा ८ चा आकडाच सगळी गोष्ट आहे. ॲक्सेस व्हायोलेशनच्या माहितीत पहिला आकडा ० असेल तर प्रोग्रॅम चुकीच्या जागी वाचायला गेला, १ असेल तर लिहायला गेला, आणि ८ असेल तर जिथला मजकूर चालवायची परवानगी नाही तिथला मजकूर कोड समजून चालवायला गेला. म्हणजे डेटा एक्झिक्यूशन प्रिव्हेन्शन, ज्याला सगळे डीईपी म्हणतात.

हे काय आहे ते थोडं सांगतो, कारण हे कळलं नाही तर माणूस नुसता सेटिंगं बदलत बसतो. जुन्या ३२ बिट प्रोसेसरच्या पेज टेबलात, म्हणजे मेमरीच्या तुकड्यांच्या (पानांच्या) नोंदवहीत, पानाला लिहिता येईल की नाही एवढं सांगायची सोय होती, चालवता येईल की नाही हे वेगळं सांगायची सोयच नव्हती. जे वाचता येतं ते चालवताही येतं, असा हिशोब. २००३ मधला स्लॅमर, त्याच वर्षीच्या ऑगस्टमधला ब्लास्टर, हे वर्म, म्हणजे नेटवर्कवरून आपोआप पसरणारे घातक प्रोग्रॅम, याच मोकळीकीवर जगले, बफरमध्ये (मजकुरासाठी राखलेल्या जागेत) मावेल त्यापेक्षा जास्त मजकूर ढकलायचा आणि त्या मजकुरातच स्वतःचा कोड घालून प्रोसेसरला तिकडे वळवायचं. २००३ मध्ये एएमडीने आपल्या ६४ बिट प्रोसेसरमध्ये त्यासाठी एक बिट दिला, नंतर इंटेलनेही दिला, आणि ऑगस्ट २००४ मध्ये एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ पासून विंडोज तो वापरायला लागलं. आता स्टॅक आणि हीप ही डेटाची जागा, तिथे उडी मारली की प्रोसेसर थांबतो आणि विंडोज प्रोग्रॅम बंद करतं.

मग माझ्या लॅपटॉपवर का चालतं? याचं उत्तर मिळालं तेव्हा मला खरंच बरं वाटलं. कमांड प्रॉम्प्टवर डब्ल्यूएमआयसी या कमांडने डीईपीची सपोर्ट पॉलिसी विचारली, लॅपटॉपवर उत्तर २, सर्व्हरवर उत्तर ३. २ म्हणजे ऑप्टइन, विंडोजचे स्वतःचे प्रोग्रॅम आणि ज्यांनी आपणहून तयारी दाखवलीय तेवढ्यांनाच पहारा. ३ म्हणजे ऑप्टआउट, सगळ्यांना पहारा, फक्त यादीत नाव घातलेल्यांना सूट. घरगुती विंडोज ऑप्टइनवर येतं, सर्व्हर ऑप्टआउटवर. १९९८ च्या व्हीबी सिक्सला डीईपी हा शब्दच माहीत नाही, त्यामुळे त्याच्या एक्झीवर तयारीची खूण असणं शक्य नाही, म्हणून चार जुन्या पीसींवर इतकी वर्षं तो बिनधास्त चालला आणि सर्व्हरवर पहिल्याच दिवशी पकडला गेला. प्रोग्रॅम तोच होता, चूकही तीच होती, पहिल्यांदा कोणीतरी तपासलं एवढंच.

एका ओळखीच्याने लगेच सांगितलं, बीसीडीएडिट कमांडने एनएक्स ऑलवेजऑफ कर, म्हणजे डीईपी पूर्ण बंद, मशीन रिस्टार्ट कर, विषय संपला. मी ते केलं नाही आणि कोणी करू नये असं मला मनापासून वाटतं. एका फॉर्मसाठी अख्ख्या सर्व्हरवरच्या सगळ्या ३२ बिट प्रोग्रॅमचा पहारा उठवायचा, आणि तो पण चार माणसं रिमोटने जोडलेल्या, त्याच मशीनवर ब्राउझर उघडून बँकेची कामं होणाऱ्या सर्व्हरवर? तात्पुरतं म्हणून मी फक्त त्या एका एक्झीला सूट दिली. सिस्टिम प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड, परफॉर्मन्सची सेटिंग्ज, त्यात डीईपीचा टॅब, तिथे ॲडवर क्लिक करून फाइल दाखवायची. ६४ बिट प्रोग्रॅम ही यादी घेत नाही, त्यांना डीईपी कायम असतंच, पण आपला ३२ बिट होता म्हणून घेतला. फॉर्म उघडला. मंगळवारी दुपारपासून पट्ट्या सर्व्हरवरून निघायला लागल्या आणि माझ्यावरचं दडपण गेलं.

पण मला झोप येईना. हीपमधला मजकूर हा प्रोग्रॅम कोड म्हणून का चालवतोय? हिशोबाच्या प्रोग्रॅमला त्याची काय गरज? कोणी मध्ये काही घुसवलं तर नाही ना, ही शंका पण होतीच.

बुधवारी दुकान उघडायच्या आधी यादीतली सूट काढली, प्रॉकडंप (प्रोग्रॅम पडतानाची मेमरी फाइलमध्ये, म्हणजे डंपमध्ये, साठवणारं साधन) लावून ठेवलं, फॉर्म उघडून प्रोग्रॅम पाडला आणि तो डंप विनडीबीजी या तपासणीच्या प्रोग्रॅममध्ये उघडला. त्याच्या ॲनालाइझ कमांडने स्पष्ट सांगितलं की न चालवण्याजोग्या पत्त्यावर चालवायचा प्रयत्न झाला. त्या पत्त्याची परवानगी बघितली तर पेज रीडराइट, म्हणजे वाचा-लिहा पण चालवू नका, हीपमधलंच पान. मग तिथले बाइट बघितले. पहिले तीन होते ५५ ८बी ईसी. ज्याने थोडंफार असेंब्ली (प्रोसेसरच्या सूचनांची भाषा) बघितलंय तो हे तीन बाइट झोपेतही ओळखेल, इंटेलच्या ३२ बिट फंक्शनची सुरुवात अशीच होते. म्हणजे हा चुकून भरकटलेला पॉइंटर (मेमरीचा पत्ता) नव्हता, कोणीतरी मुद्दाम मशीन कोड हीपमध्ये नेऊन ठेवला होता.

काकांना फोन लावला. त्यांनी आता काम सोडलंय पण डोकं एकदम तल्लख. म्हटलं, काका, पट्टीच्या फॉर्ममध्ये तुम्ही असेंब्लीचं काही घातलं होतं का? दोन सेकंद गप्प, मग म्हणाले, "अरे, ते माऊसच्या चाकाचं असणार बघ."

आणि तेच होतं. व्हीबी सिक्सच्या फ्लेक्सग्रिडला, म्हणजे फॉर्मवरच्या रकान्यांच्या तक्त्याला, माऊसचं चाक कळत नाही. दीडशे ओळींची पट्टी सारखी बाजूचा स्क्रोलबार ओढून बघायला लागते, म्हणून दिवाणजींनी मागे लागून काकांकडून ते चाक चालू करून घेतलं होतं. त्यासाठी ग्रिडला येणारे विंडोजचे मेसेज मधल्या मधे पकडायला लागतात, त्याला सबक्लासिंग म्हणतात, आणि ते करताना व्हीबीचा एडिटर सारखा पडू नये म्हणून त्या काळात बरेच लोक एक युक्ती करायचे, मशीन कोड हेक्सच्या लांबलचक स्ट्रिंगमध्ये लिहायचा, ग्लोबलअलॉकने थोडी मेमरी घ्यायची, कोड तिथे कॉपी करायचा आणि विंडोजला सांगायचं की या ग्रिडचे मेसेज आता या पत्त्यावर पाठव. तेव्हाच्या प्रोसेसरवर यात काहीच चूक नव्हती. काकांनी बुधवारी संध्याकाळीच सोर्स कोडची सीडी काढून दिली, वर स्केच पेनने तारीख घातलेली, आणि ती वाचली गेली याचा आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही.

दुरुस्ती दिसायला चार ओळींची. ग्लोबलअलॉकच्या जागी व्हर्च्युअलअलॉक, आणि परवानगीत हेक्समधला ४०, म्हणजे वाचा, लिहा, चालवा. मेमरी मागतानाच विंडोजला सांगायचं की इथे कोड ठेवणार आहे, मग डीईपी अडवत नाही. फॉर्म बंद होताना जुना ग्लोबलफ्री होता तोही बदलायला लागतो, व्हर्च्युअलफ्री, साइज शून्य आणि हेक्स ८०००, नाहीतर एका ठिकाणाहून घेतलेली मेमरी दुसऱ्याच ठिकाणी परत केल्यासारखं होतं.

इथे मी थोडं पुढे गेलो. लिहा आणि चालवा दोन्ही परवानग्या एकत्र असलेलं पान मला नको होतं, म्हणून कोड कॉपी झाल्यावर व्हर्च्युअलप्रोटेक्टने ते २० केलं, म्हणजे वाचा आणि चालवा, लिहायचं नाही. परत क्रॅश! पण या वेळी लॉगमध्ये बीईएक्स नव्हतं, ॲपक्रॅश होतं, आणि डंपमध्ये ८ च्या जागी १. काकांच्या त्या कोडला स्वतःचा काउंटर आणि ग्रिडचा जुना पत्ता त्याच ब्लॉकच्या शेपटाला लिहून ठेवायची सवय होती, आणि मी लिहायची परवानगीच काढून घेतली होती. कोड एका पानावर आणि त्याचा डेटा दुसऱ्या पानावर असं वेगळं करता येईल, पण त्यासाठी त्या हेक्स स्ट्रिंगमधले पत्ते हाताने बदलायला लागतील आणि भर सीझनमध्ये मला ते धाडसाचं वाटलं. ४० वर ठेवलं. निदान आता सूट त्या एका छोट्या ब्लॉकपुरती आहे, बाकी सगळ्या प्रोग्रॅमचा स्टॅक आणि हीप पहाऱ्यात आहेत. सीझन संपला की कोड आणि डेटा वेगळं करणार आहे, काकांनी सोबत बसायचं कबूल केलंय.

एक्सपीच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये व्हीबी सिक्स ठेवलंय, तिथे रात्री एक्झी बनवली. गुरुवारी सकाळी नवीन एक्झी सर्व्हरवर टाकली, डीईपीची यादी रिकामीच आहे ना ते बघितलं, पॉलिसी परत विचारली, ३. दिवाणजींनी पट्टीचा फॉर्म उघडला, चाक फिरवलं, ग्रिड खाली गेला, परत वर आला. मग चष्मा सारखा करून त्यांनी पहिल्या शेतकऱ्याचं नाव घेऊन हाक मारली.