एलियनला डोळेच नसले तर चॉइस कसे लिहायचे?

सायफाय इंटरॅक्टिव्ह कथा (वाचणारा म्हणजे खेळाडू, आणि मध्येमध्ये दिलेल्या पर्यायांतून, म्हणजे चॉइसमधून, तो पुढचं ठरवतो) लिहिणाऱ्यांना एक ठरलेली खोड असते. कथा सुरू व्हायच्या आधीच एलियनची वंशावळ, तीन युद्धं, दोन धर्म आणि एक कॅलेंडर लिहून तयार असतं, आणि खेळाडू बिचारा पहिल्याच सीनला 'करार मान्य' आणि 'करार अमान्य' यातलं एक बटण दाबत बसलेला असतो. मग एवढं सगळं लिहिलं कशाला? कोडेक्समध्ये, म्हणजे गेममधल्या माहितीच्या वहीत, टाकायला. आणि कोडेक्स कोण वाचतं ते आपल्याला माहितीच आहे.

मी यावर एक सोपी परीक्षा लावतो. एलियन काढायचा, त्याच्या जागी साधा माणूस ठेवायचा आणि सगळे चॉइस परत वाचायचे. एकही चॉइस बिघडला नाही, सगळं जसंच्या तसं चाललं, तर तुम्ही नवी जीवजात बनवलेली नाही, कपडेपट बनवलाय. कातडी निळी, बोटं सहा, नावात तीन जोडाक्षरं आणि मध्ये एक अपॉस्ट्रॉफी (ही नावं देवनागरीत लिहून बघा एकदा, क्झ्र'थ्विक वगैरे, लेखकाला स्वतःलाच मोठ्यानं वाचता येत नाहीत) आणि आत बसलाय तो आपल्यासारखाच विचार करणारा कुणीतरी. याचाच भाऊ म्हणजे अख्ख्या ग्रहाला एकच स्वभाव देणं, हे सगळे लढवय्ये, ते सगळे व्यापारी, पलीकडचे सगळे शांत नि शहाणे. अरे, एका घरातल्या चार माणसांचं एकमेकांशी पटत नाही आणि चार अब्ज लोकांचं एकच मत? अडचण सगळ्यांची सारखी असू शकते, तिच्यावरचं उत्तर प्रत्येकाचं वेगळं असणार, आणि कथा त्या वेगळेपणातच सापडते.

म्हणून मी दिसण्यापासून सुरुवातच करत नाही. याला जग कशातून कळतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय कळत नाही, इथून सुरुवात. त्यासाठी कल्पनाशक्ती फार ताणावी लागते असंही नाही, पृथ्वीवरच इतके विचित्र जीव पडलेत की आयुष्यभर पुरतील. सध्या मी जी कथा लिहितोय तिचा पाया आहे विजेचे मासे. झटका देऊन भक्ष्य मारणारे नव्हेत, ते सगळ्यांना माहिती असतात, हे हलकी वीज सोडणारे. शेपटीकडच्या अवयवातून सतत एक कमजोर विद्युत क्षेत्र सोडायचं आणि आसपासच्या वस्तूंमुळे त्यात जी गडबड होते ती कातडीवरच्या रिसेप्टर्सनी टिपायची, बस. हान्स लिसमन यांनी 1951 मध्ये आफ्रिकेतल्या जिम्नार्कस माशात अशी वीज असल्याचं दाखवलं आणि तिथून हा विषय उघडला. गढूळ पाणी असो, मध्यरात्र असो, यांना फरक पडत नाही. फक्त पल्ला अगदी तोकडा, साधारण आपल्याच शरीराच्या लांबीएवढा, थोडा कमीजास्त.

आता एवढी एकच गोष्ट घेतली तरी बघा काय होतं. क्षितिज गेलं. 'दूरवर एक मनोरा दिसत होता' हे वाक्यच आता लिहिता येत नाही. खोलीत शिरल्या शिरल्या खोलीचं वर्णन देता येत नाही, कारण खोली कळायला तिच्या कडेकडेनं फिरावं लागतं. म्हणजे टेक्स्ट गेममधली सगळ्यात जुनी सवय, आत आलो की एक परिच्छेद वर्णन आणि मग बाहेर पडायचे रस्ते, ती पहिल्याच फटक्यात बाद. खेळाडूचा नकाशा हळूहळू, चाचपडत तयार होतो. आणि हे सगळं मला कोडेक्समध्ये सांगावं लागलं नाही, पहिल्या तीन चॉइसमध्ये त्याचं त्यालाच कळतं.

पण खरी मजा पुढे आहे. यातल्या काही माशांची वीज अगदी नियमित लयीत येते, प्रत्येकाची आपापली फ्रिक्वेन्सी, आयगेनमानिया नावाच्या दक्षिण अमेरिकेतल्या माशात ती ढोबळमानानं 250 ते 600 हर्ट्झच्या दरम्यान असते. आता असे दोन मासे जवळ आले आणि दोघांच्या फ्रिक्वेन्सीत काही हर्ट्झचाच फरक असला तर दोघांचेही सिग्नल एकमेकांत मिसळतात आणि दोघंही जवळपास आंधळे होतात. मग ते काय करतात, तर ज्याची फ्रिक्वेन्सी जास्त तो अजून वर सरकतो, कमी असलेला अजून खाली, फरक वाढला की दोघांनाही परत नीट कळायला लागतं. वातानाबे आणि ताकेदा या जपानी शास्त्रज्ञांनी 1963 मध्ये हे नोंदवलं. अरुंद जिन्यात दोन माणसं समोरासमोर आली की तू आधी का मी आधी असं जे चालतं ना, तसंच, फक्त इथे नाही सरकलं तर जग दिसायचं बंद.

हे वाचल्यावर मला काही शोधायची गरजच उरली नाही. ही त्यांची सभ्यता आहे! सरकणं म्हणजे आदर. न सरकणं म्हणजे अधिकार गाजवणं, किंवा भांडण, किंवा नुसता माज. म्हातारे सरकत नाहीत. नवऱ्या-बायकोचं सरकायचं अंतर ठरलेलं असतं. राजकारण म्हणजे कोण कोणासमोर किती सरकला याचा हिशेब. आणि गेमच्या बाजूनं हे सगळं फक्त एका आकड्यात मावतं, खेळाडूचा 'सूर' (म्हणजे त्याची फ्रिक्वेन्सी) नावाचा एक व्हेरिएबल आणि भेटणाऱ्या प्रत्येक पात्राचा एक. दोघांतला फरक 10 च्या आत आला की वर्णनाचं वाक्य बदलतं. आधी असं असतं:

'डावीकडे कुणीतरी आहे. मऊ, तुझ्याएवढंच, शेपटीजवळ जुना वळ.'

सूर जवळ आले की असं:

'डावीकडे कुणीतरी. कुणीतरी डावीकडे, उजवीकडे? मऊ. वळ. कुणीतरी.'

आणि खाली चार चॉइस: वर सरक, खाली सरक, जागचं हलू नकोस, गप्प हो.

यातला शेवटचा सगळ्यात महागडा. गप्प होणं म्हणजे वीज बंद. हे मासे खरोखर असं करतात, भांडणात हरलेला मासा कधीकधी वीज थांबवतो, लपायलाही ते उपयोगी पडतं. गेममध्ये गप्प झालात की लांबून कुणाला तुमचा पत्ता लागत नाही, पण तुम्हालाही काही कळत नाही, स्क्रीनवरचं वर्णन थांबतं, फक्त चॉइस उरतात आणि ते तुम्ही अंदाजानं घ्यायचे. आणि कुणी अगदी जवळ आलंच तर त्याच्या क्षेत्रात तुम्ही जाणवणारच, पण व्यक्ती म्हणून नाही, दगड किंवा लाकूड जाणवावं तसे. यातून मला त्यांचा कायदा मिळाला: जो गप्प आहे तो वस्तू. वस्तूला ढकललं तर गुन्हा नाही, नेलं तर चोरी नाही. तिथे दोन पक्ष आहेत, एक म्हणतो हे असंच चालत आलंय, दुसरा म्हणतो झोपलेल्याला आणि आजाऱ्यालाही वीज टिकवता येत नाही, मग तेही वस्तू का? बघा, स्वभाव न ठरवताच भांडण तयार झालं.

जागाही यातूनच ठरली. खाऱ्या पाण्यातून वीज इतकी सहज वाहते की असं कमजोर क्षेत्र पाण्यातच शॉर्ट होऊन जातं, म्हणून आपल्याकडचे हे मासे जवळपास सगळे गोड्या पाण्यातले. आणि मला तर बर्फाखालचा समुद्र हवा होता, गुरूचा चंद्र युरोपा किंवा शनीचा चंद्र एन्सेलेडस यांच्यासारखा. एन्सेलेडसच्या फवाऱ्यातल्या बर्फाच्या कणांत कॅसिनी यानाला मीठ सापडलं होतं, म्हणजे तो समुद्र खारा. ही अडचण मी काढून टाकली नाही, नकाशा केला तिचा. बर्फाच्या छताला लागून वितळलेल्या गोड्या पाण्याचा पातळ थर, तिथे वस्ती, तिथे दोन हात लांबचंही कळतं. जसजसं खाली जावं तसतसं मीठ वाढतं आणि पल्ला कमी होत होत कातडीला चिकटतो. इतर गेममध्ये नकाशा झाकणारं धुकं असतं ना, तसं इथे मीठ. अन्न मात्र सगळं खाली, तळाशी, गरम झऱ्यांपाशी. आता खेळाडूला रोज खाली जावंच लागणार, हे वेगळं सांगायला नको.

इतकं सगळं एकदोन आकड्यांवर का टांगतो त्याचं एक रूक्ष कारणही आहे. दर चॉइसला दोन फाटे फोडले आणि ते कुठेच परत जोडले नाहीत तर दहा चॉइसनंतर 1024 शेवट होतात. कोण लिहिणार? अशा कथा बनवायचं ट्वाइन हे टूल आलं 2009 मध्ये, इंक हे दुसरं 2016 मध्ये सगळ्यांसाठी ओपन सोर्स झालं, टूल्स फुकट आहेत, सोपी आहेत, पण टूल तुमच्यासाठी सीन लिहून देत नाही. म्हणून कथेच्या फांद्या कमी आणि व्हेरिएबल जास्त काम करणारे, असं जमलं पाहिजे. सीन तोच, पण सूर कुठे आहे आणि मीठ किती आहे यावर तो वेगळा वाचला जातो. ही कल्पना काही माझी नाही, 1983 मध्येच इन्फोकॉम या टेक्स्ट गेम बनवणाऱ्या कंपनीनं सस्पेंडेड नावाचा गेम काढला होता, त्यात खेळाडूच्या हुकमावर सहा रोबो असतात आणि प्रत्येकाला जगाचा वेगळाच भाग कळतो, एकाला दिसतं, एकाला फक्त ऐकू येतं, त्यामुळे एकच जागा कुणाला पाठवलं त्याप्रमाणे बदलते. चाळीस वर्षं होऊन गेली तरी मला अजून ते भारी वाटतं.

ऑक्टोपसचं काय, असं कुणीतरी विचारणारच, कारण ऑक्टोपस म्हणजे एलियन बनवणाऱ्यांचं आवडतं खेळणं. साधारण 50 कोटी न्यूरॉन, त्यातले दोन तृतीयांश हातांमध्ये. लगेच मेकॅनिक, म्हणजे खेळाचा नियम, सुचतो, की खेळाडू ठरवेल एक आणि हात करेल दुसरंच. सुचायला छान, खेळायला भयंकर. कारण मी दाबलं एक आणि झालं भलतंच, आणि का झालं ते कळलं नाही, तर खेळाडूला ते जीवशास्त्र वाटत नाही, बग वाटतो. नुसते डाइस टाकून वेगळेपण येत नाही. हाताला काहीतरी आवडलं पाहिजे, समजा खरखरीत पृष्ठभाग, आणि ते खेळाडूला आधी दिसलं पाहिजे, मग तो स्वतःहून म्हणेल की या खोलीत नको, इथे सगळं खरखरीत आहे, हात ऐकणार नाहीत. ते जमलं तर जमलं. मला त्यापेक्षा ऑक्टोपसचं आयुष्य जास्त वापरण्यासारखं वाटतं, बऱ्याच जाती एकदोन वर्षंच जगतात आणि आई अंडी राखता राखता संपते, म्हणजे शिकवायला कुणी नाही. प्रत्येक प्रकरणात नवा जीव, काहीही माहिती नसलेला, आणि मागच्यानं मांडून ठेवलेल्या वस्तू. यावर कधीतरी लिहीन.

मराठीत लिहिताना अजून एक गंमत होते. इंटरॅक्टिव्ह कथा 'तू'ला उद्देशून असते आणि 'तू गेलास' म्हटलं की खेळाडू पुरुष झाला, 'गेलीस' म्हटलं की बाई. माझ्या एलियनना लिंग आहे की नाही हे मला तिसऱ्या प्रकरणापर्यंत सांगायचंच नाहीये. 'तुम्ही गेलात' चालतं, पण त्यात उगाच अंतर येतं, सरकारी पत्रासारखं वाटतं. मग मी सगळी कथा 'तुला जाणवतं', 'तुला कळतं', 'तुझ्याकडून ढकललं जातं' अशी लिहायला घेतली, आणि जो जीव सगळं कातडीवरच झेलतो त्याला ही वाक्यं इतकी फिट बसली की आता 'तू केलंस' लिहिलं की चुकल्यासारखं वाटतं. 'केलंस'मध्ये लिंगाचा प्रश्न येत नाही तरीसुद्धा.

आता पुढचं प्रकरण माणसांचं. वरून बर्फ भोकसून एक पाणबुडी येते, तिचे दिवे यांच्यासाठी नाहीतच, पण मोटर आणि वायरिंगचा विद्युत गोंगाट म्हणजे कुणीतरी अखंड ओरडतंय, आणि कुणासमोरही सरकत नाही. त्यांच्या हिशेबात असं वागणारा एकतर फार मोठा असतो नाहीतर वेडा. अर्धी वस्ती तिला मान देते, अर्धी चिडते. आणि मग आतली माणसं बॅटरी वाचवायला सगळं बंद करतात. पाणबुडी गप्प झाली, म्हणजे कायद्यानं वस्तू झाली, आणि ती सगळ्यात आधी सापडलीये खेळाडूला. चॉइस सध्या तीन आहेत: वस्तीवर ओढून ने, दुसऱ्या पक्षाला कळव, तिच्याजवळ थांबून स्वतःही गप्प हो. चौथा, तिच्या मूळ सुरात स्वतः ओरडायचं म्हणजे ती अजून बोलतेय असं सगळ्यांना वाटेल, हा मला खूप आवडलाय, फक्त त्यासाठी खेळाडूनं दुसऱ्या प्रकरणात तो आकडा लक्षात ठेवलेला असायला हवा, आणि तिथे तो न सांगता कसा पेरायचा हे ठरवतोय.