आईची तुळस

यंदा आईच्या जागी मी चालले. तिचे गुडघे गेलेत, पण डोक्यावर तुळस घेऊन दिंडीत उभी राहायची तिची जागा रिकामी राहू नये, एवढंच तिचं म्हणणं होतं. दिवे घाटात पाऊस लागला. नीरेत पादुकांचं स्नान गर्दीत दिसलंच नाही. चांदोबाच्या लिंबाला अश्व धावला तेव्हा मी टँकरच्या रांगेत होते आणि पुढे घुसणाऱ्यांशी भांडत होते. तोंडानं माउली माउली म्हणायचं आणि रिकामी बाटली दुसऱ्याच्या शेतात भिरकवायची, हे मला आजही सहन होत नाही.

वारीला मी इतकी वर्षं आले नव्हते, त्याला कारण आहे. माझ्या थोरल्या भावाला शेतात साप चावला. घरच्यांनी आणि गावानं त्याला मारुतीच्या देवळात नेलं, कडुलिंबाचा पाला चघळायला दिला. पाला गोड लागला तर विष चढलं म्हणायचं, अशी समजूत. तालुक्याला न्यायला जीप होती. ती देवळासमोरच उभी होती. दादा देवळातच गेला. साप-विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करणं हा गुन्हा ठरवणारा कायदा २०१३ साली आला, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. पुढे मी आरोग्यसेविका झाले. आईनं वारी सोडली नाही. तिला मी कधी काही विचारलं नाही.

बरड सोडलं आणि धर्मपुरीच्या अलीकडे दोन्ही तळपायांचे फोड एकदम बोलायला लागले. ऊन मी म्हणत होतं. दिंडी पुढे गेली आणि मी बाभळीखाली बसकण मारली. हिंगोलीकडचे एक म्हातारे बाबा न विचारता समोर बसले, माझा पाय उचलून मांडीवर घेतला. मी पाय ओढला. "अहो बाबा, पायाला हात काय लावताय!"

"माउलीचेच पाय हायत माय. गप ऱ्हा."

बंडीच्या खिशातून त्यांनी सुई काढली, पांढरा दोरा ओवला. मी पिशवीतलं जंतुनाशक पुढे केलं. त्यांनी हसून सुई आणि दोरा दोन्ही त्यात बुडवले. मग फोडाच्या एका कडेनं सुई घातली, दुसरीकडून काढली आणि बोटभर दोरा आतच ठेवून कापला. पाणी दोऱ्यावाटे झिरपत राहतं, कातडं सुटत नाही. त्यांनी सहा फोड ओवले. प्रत्येक फोडाला आधी फुंकर मारायचे, लहान लेकराला मारावी तशी. मला रडू आलं. दादा गेल्यापासून माझा पाय असा कुणी हातात घेतला नव्हता.

ते उठताना त्यांच्या पायाकडे लक्ष गेलं. उजव्या अंगठ्याखाली रुपयाएवढी जखम, आत काळा बुक्का दाबून भरलेला, कडा पांढऱ्या पडलेल्या.

"बाबा, हे कधीपासून?"

"आळंदीपासून. पर दुखत न्हाई बघा. माउलीची कृपा."

"साखर आहे का तुम्हाला?"

"हाय. गोळ्या घरी ठिवल्या. वारीत कशाला?"

मी ओरडले. न दुखणं ही कृपा नाही, साखरेनं नसा मेल्यात, पाय जाईल तुमचा, असं भर रस्त्यात ओरडले. माझ्या डोळ्यांसमोर ती जीप होती. बाबा खाली बघत राहिले. शेवटी मी म्हणाले, "मला माउली म्हणालात ना? मग माउली सांगतेय, चला."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग काठी उचलली. आम्ही दोघं लंगडत रस्त्याकडेच्या आरोग्य पथकापर्यंत गेलो. जखम धुतली तेव्हा पाणी काळं निघालं. रक्तातली साखर तपासली, गोळ्या सुरू केल्या, आणि पुढं चालायचं नाही, गाडीतून जायचं, असं डॉक्टरांनी बजावलं. बाबांनी डॉक्टरांच्याही पायाला हात लावला.

त्यानंतर माझं डोकं थांबेना. अनोळखी बाईचे फोड ओवायला लावणारी श्रद्धा आणि जखमेत बुक्का भरायला लावणारी श्रद्धा एकाच माणसात, एकाच खिशात. मी इतकी वर्षं फक्त दुसरीच बघत होते. २०२० साली पादुका एसटीनं पंढरीला गेल्या, तेव्हा आईनं अंगणातल्या तुळशीलाच प्रदक्षिणा घातल्या. रोग पसरेल म्हटल्यावर लाखो माणसं घरी थांबली. श्रद्धेला सांगितलेलं कळतं, पण सांगणारं माणूस जवळचं लागतं. देवळात त्या दिवशी तसं कुणी नव्हतं. मी होते, पण मी लहान होते.

सदाशिवनगरचं रिंगण, वेळापूरचा धावा, वाखरी, सगळं एकात एक मिसळून गेलंय. वाखरीत एका टेम्पोच्या फाळक्याशी बाबा दिसले. पट्टी बांधलेला पाय त्यांनी दुरूनच वर करून दाखवला.

पंढरपुरात दर्शनाच्या बारीत मी उभी राहिले नाही. महाद्वारात नामदेव पायरीसमोर चोखोबांच्या समाधीशी बसले. ज्याला आयुष्यभर आत घेतलं नाही, त्याची समाधी दाराबाहेर. १९४७ साली साने गुरुजी दहा दिवस उपाशी राहिले तेव्हा ते दार सगळ्यांना उघडलं. दार अडवणारेही विठ्ठलाचंच नाव घेत होते आणि उपाशी राहणाराही.

तुळस खाली ठेवून आईला फोन लावला.

"आत जाऊन दादाचं नाव घेतलंस का गं?"

"आत नाही गेले. चोखोबांपाशी घेतलं."

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "त्या दिवशी जीप मीच थांबवली होती. पुढच्या वारीला मला गाडीनं का होईना, तिथंच ने."