दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ आणि एक एक्सेल फाइल

आमचं जर्नल कसलं आहे हे सांगताना दरवेळी पंचाईत होते. ओपन ॲक्सेस आहे, वाचायला पैसे नाहीत, छापायलाही घेत नाही, इथवर लोक माना डोलावतात, पण यात थिअरी नाही, निष्कर्ष नाहीत, नुसते डेटा पेपर असतात म्हटलं की समोरचा गप्प. अहो, दहा वर्षं वणवण करून जमवलेलं जे तुमच्या लॅपटॉपमध्ये पडलंय ना, ते झेनोडोसारख्या ऑनलाइन डेटा-भांडारात ठेवायचं आणि कसं जमवलं, काय सुटलं, कोणी वापरलं तर चालेल, एवढं चार पानांत लिहायचं. की लगेच, "मॅडम, यूजीसी केअरमध्ये आहे का?" ती यूजीसीची मान्य जर्नलांची यादी २०२५ मध्ये बंद झाली तरी प्रश्न काही बंद होत नाही.

दुसरी भीती चोरीची. "टाकतो हो, पण कोणी उचललं तर?" उलट डीओआय, म्हणजे फाइलचा कायमचा ऑनलाइन ओळख-क्रमांक, मिळाला की तारखेसकट नोंद राहते की हे आधी तुमचं होतं, आणि सीसी बाय लायसन्स म्हणजे श्रेय देणं भागच. पेन ड्राइव्हवरून उचललं तर कोणाला सांगणार?

बाकी संपादक म्हणून मी काय करते, तर फाइली उघडते. मध्यंतरी एका सरांनी मावळातल्या म्हणींचा संग्रह पाठवला. उघडला तर इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा, कारण टायपिंग जुन्या डीटीपी फाँटमधलं, म्हणजे फाँट नाही तर मराठीही नाही. कन्व्हर्टर लावून युनिकोड, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येईल असं केलं, मी खूश झाले, आणि सहज 'दुसऱ्याच्या' असं सर्च केलं तर कुसळ-मुसळवाली म्हणच सापडेना! डोळ्यांसमोर दिसतेय, पण सर्चला नाही. मग लक्षात आलं, हा ऱ्य दोन तऱ्हांनी टाइप होतो, एक खाली नुक्ता असलेल्या ऱ ला हलन्त देऊन, आणि दुसरा साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं कॅरेक्टर घालून. स्क्रीनवर दोन्ही सेम टू सेम, कॉम्प्युटरला मात्र दोन वेगळे शब्द. अख्खी फाइल एकसारखी करण्यात रविवार गेला (घरी काय ऐकून घेतलं ते सोडा).

पण खरी अडचण शेवटच्या कॉलममध्ये होती. सांगणारी व्यक्ती: 'वृद्ध महिला, मावळ'. खाली तेच, खाली तेच. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर या संशोधकांच्या कामातून जमलेल्या जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या आहेत, 'परी'च्या (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) साइटवर २०१७ पासून येतायत, तिथे ओवीसोबत गाणारीचं नाव, गाव, तालुका दिलेला असतो. ते बघायची सवय झाली की 'वृद्ध महिला' डोळ्यात खुपतं. सरांना फोन केला. आधी जरा चिडले, म्हणाले, "म्हणींना कुठे मालक असतो?" मीही गप्प बसले नाही. पंधरा दिवसांनी मात्र त्यांनीच जुन्या डायऱ्या काढल्या, बरीच नावं निघाली, मग ज्या हयात आहेत त्यांना भेटून नाव छापू का हेही विचारून आले. एक आजी म्हणाल्या म्हणे, माझं नको, सासूचं टाक, तिनंच शिकवल्या.

राहिलेल्या ओळींत त्यांनी 'माहिती उपलब्ध नाही' लिहिलं होतं. मी ते बदलायला सांगितलं. आता तिथे 'नाव विचारलं नव्हतं' असं आहे.