बंड्या आणि आमच्या मल्टीची लिफ्ट

गेल्या मंगळवारी लिफ्टच्या आरशावर कागद चिकटवलेला. ‘पालतू जानवरों को लिफ्ट में लाना सख्त मना है. जुर्माना 500 रुपये.’ खाली कोणाचीच सही नाही. आमच्या मल्टीत (इंदुरात अपार्टमेंटला मल्टीच म्हणतात) लिफ्ट एकच, आणि आम्ही पाचव्या मजल्यावर. आमचा कुत्रा बंड्या 11 वर्षांचा झालाय. मागचे पाय आता जिना चढायला तयार नसतात आणि 22 किलोचं धूड उचलणं माझ्या कमरेला झेपत नाही.

बंड्या काही जातिवंत वगैरे नाही. इंदुरातल्याच छावणी भागात एका किराणा दुकानाच्या फळीखाली पावसात कुडकुडत बसलेलं पिल्लू होतं ते. सासूबाईंनी तेव्हा ‘आमच्या वाड्यात कुत्रं ओसरीच्या वर येत नसे’ म्हणून दोन दिवस अबोला धरला होता. आता पहिली पोळी त्याची. कागद बघून सगळ्यात जास्त त्याच चिडल्या.

लेकाने पुण्याहून भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना पाठवल्या. बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्ट बंद करता येत नाही, त्यासाठी वेगळे पैसे मागता येत नाहीत. मी प्रिंट काढली, पिवळ्या पेनाने रेघा मारल्या आणि रविवारी पार्किंगमधल्या मीटिंगला गेले.

सेक्रेटरी म्हणाले, “भाभीजी, किसी फार्महाउस पे छोड़ आओ ना.” याचीही मी तयारी करून गेले होते. मुक्या जनावराला उपाशी मरायला सोडून देणं 1960 च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड मात्र 10 ते 50 रुपये! म्हणजे कुत्रं सोडून दिलं तर जास्तीत जास्त 50 आणि लिफ्टमधून नेलं तर 500. लोक हसले. मला वाटलं, जिंकलोच.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या आंटी शांतपणे म्हणाल्या, “रूल-वूल छोड़ो भाभी. शुक्रवार को कोने में पानी किसने किया था?”

मला माहीत होतं. म्हातारपण, सकाळची वेळ, त्याला धरवलं नाही. मी हातातल्या पेपरने पुसलं होतं आणि कोणी पाहिलं नाही म्हणून गप्प बसले होते. वास मात्र दुपारपर्यंत होता म्हणे. 2017 पासून स्वच्छतेत पहिला नंबर मिरवणाऱ्या शहरात राहून हे! पिवळ्या रेघांचा कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि “हमारा ही था, आंटी” म्हटलं.

आता पट्ट्याबरोबर पिशवीत फडकं आणि फिनाइलची बाटली असते. आरशावरचा कागद अजून आहे, पण 500 वर कोणीतरी पेनाने काट मारलीय. सेक्रेटरी रोज सकाळी आमच्याबरोबर खाली उतरतात, भिंतीला पाठ टेकून, पोट आत घेऊन.

“भाभीजी, काटता तो नहीं?”

“दाँत ही कहाँ बचे हैं, भैया.”

दुसऱ्या दिवशी परत तोच प्रश्न.