मावशींची नाडी

वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीरक्रियाशास्त्र विभागात हृदयाच्या चेतानियंत्रणाच्या तपासण्या मी करते. आमच्याकडे बहुधा मधुमेहाचे रुग्ण येतात. छातीरोग विभागाकडून कोणी येणे तसे दुर्मीळच. त्या सकाळी मात्र सीओपीडी, म्हणजे श्वसनमार्ग कायमचे अरुंद करणारा फुफ्फुसाचा जुनाट विकार असलेल्या, 58 वर्षांच्या एक मावशी आल्या. आयुष्यात त्यांनी विडीला हात लावला नव्हता, पण लग्न झाल्यापासून धुराने भरलेल्या स्वयंपाकघरात फुंकणीने चूल पेटवण्यात त्यांची पस्तीस वर्षे गेली होती. निवांत पडून असतानाही नाडी मिनिटाला 102. पूर्वी एके ठिकाणी ‘तुम्ही फार मनाला लावून घेता’ असे सांगून त्यांना झोपेच्या गोळ्या देण्यात आल्या होत्या. ज्याच्या रक्तात आधीच कार्बन डायऑक्साइड साचू शकतो, अशा रुग्णाचा श्वास या गोळ्यांनी आणखी मंदावू शकतो, हे आठवले की मला आजही राग येतो.

छातीला तारा जोडून मी त्यांना पाच सेकंद श्वास घ्यायला आणि पाच सेकंद सोडायला सांगितले. निरोगी माणसात श्वास घेताना व्हेगस या चेतातंतूचा हृदयावरील लगाम सैल होऊन ठोके वाढतात आणि सोडताना तो आवळला जाऊन ते कमी होतात. हा फरक मिनिटाला 15 ठोके किंवा अधिक असावा अशी अपेक्षा असते. वयानुसार तो घटतो, पण 10 च्या खाली गेला की आम्ही सावध होतो. मावशींचा फरक होता 3. कागदावरचे ठोके पट्टीने मोजून आखल्यासारखे समान अंतरावर पडत होते.

‘व्हेगसचे कार्य क्षीण’ असे लिहायला मी पेन उचललेही होते. तेवढ्यात मावशी म्हणाल्या, “ताई, आत घ्यायचा जमतोय, पर सोडायचा सरतच नाही.” मी त्यांच्या मानेकडे पाहिले. पाच आकडे मोजून झाले तरी तिथले स्नायू ताणलेलेच होते आणि छाती फुगलेलीच होती. ज्या श्वासावर ही तपासणी उभी आहे, तो श्वासच पुरा होत नव्हता. मग एकट्या चेतातंतूला दोष कसा द्यायचा?

बोटावरच्या यंत्रात ऑक्सिजन 87 टक्के दिसत होता. तो इतका उतरला की मानेतील रोहिणीजवळचे संवेदक मेंदूला सतत इशारे देत राहतात आणि हृदयाला पळवणारी सिम्पथेटिक यंत्रणा जागी राहते. शिवाय फुगलेल्या छातीत हृदय नीट भरत नाही, त्यामुळे कमी पडणारे रक्त त्याला ठोके वाढवून पुरवावे लागते. श्वसनमार्ग मोकळा करणारे पंपातील औषधही नाडी वाढवते, पण आमच्या सूचनेप्रमाणे त्यांनी त्या सकाळी ते घेतलेले नव्हते.

छातीरोग विभागाच्या डॉक्टरांना विचारून आम्ही नळीने मिनिटाला एक लिटर ऑक्सिजन सुरू केला आणि बोटावरच्या यंत्रातला आकडा 91 टक्क्यांच्या वर जाऊ दिला नाही, कारण अशा रुग्णांना अतिरेकी ऑक्सिजनही घातक ठरतो. मग ओठांचा चंबू करून श्वास सावकाश सोडण्याची पद्धत मी समजावू लागले. मावशींना ते उमगेना. शेवटी मी म्हटले, “फुंकणीत फुंकता तसं, पण जाळ भडकू नये इतकं हळू.” पुढचाच श्वास अचूक आला.

वीस मिनिटांनी नाडी 93 वर होती आणि फरक 7. हे सामान्य नव्हेच, आणि त्यातला किती वाटा ऑक्सिजनचा व किती श्वासाचा हे एका सकाळीत ठरवता येत नाही. तरीही अहवालात मी ‘क्षीण’ हा एवढाच शब्द लिहिला नाही. दोन्ही आकडे आणि ते कोणत्या स्थितीत मिळाले हे सविस्तर नोंदवले.

निघताना मावशींनी कागद बघायला मागितले. मी दोन्ही पट्ट्या शेजारी धरल्या. दुसरीवरच्या ठोक्यांमधून त्यांनी नख फिरवत नेले आणि एका रुंद अंतरावर थांबून त्या म्हणाल्या, “हितं जरा ऐसपैस झालंय.”