जेटच्या आधी गळती: आमच्या टू-स्ट्रोक गॅरेजची वाटचाल

बाबांनी भांडुपला गॅरेज टाकलं तेव्हा मुंबईत आरएक्स १०० चा जोर होता. यामाहाची ही ९८ सीसीची टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलसोबत ऑइलही जाळणाऱ्या इंजिनाची, गाडी १९८५ साली आपल्याकडे आली आणि १९९६ साली बनायची थांबली. पुढे फोर-स्ट्रोकचे दिवस आले, आजूबाजूच्यांनी टू-स्ट्रोकची कामं घेणं सोडलं. बाबांनी सोडलं नाही. त्यामुळे आरएक्स आणि सुझुकी शोगनची इंजिनं बांधून मातीत गाड्या पळवणारी पोरं आपसूक आमच्याकडे वळली, आणि मी धंद्यात उतरलो तो या मातीतल्या गाड्यांसाठीच.

या गाड्यांचं इंजिन पोर्टिंग केलेलं (आतल्या वाटा कोरून मोठ्या केलेल्या), एक्स्पान्शन चेंबर (खास फुगीर सायलेन्सर) बसवलेला, फोमचा फिल्टर, हवा-पेट्रोल मिसळणारा मूळचा कार्बोरेटर काढून त्या जागी २८ एमएमचा. इतकं बदललं की कंपनीने ठरवलेल्या जेटचा, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या छोट्या तुकड्याचा, हिशेब उरत नाही. नंबर मोठा तितकं भोक मोठं. गाडी मधल्या थ्रॉटलला गुदमरते, नाहीतर वर जाऊन मिस मारते. मालक म्हणतो, "दादा, मेन जेट वाढवून द्या."

आम्ही जेटला लगेच हात लावत नाही. थ्रॉटल सोडल्यावर आरपीएम खाली यायला वेळ लागत असेल, तर आधी हवेची गळती शोधतो. क्रँकचं ऑइल सील, रीड ब्लॉकचं (इंजिनात मिश्रण घेणाऱ्या झडपेचं) गॅस्केट, इनटेकचं चिरलेलं रबर, यांतून जादा हवा आत शिरते आणि पेट्रोल कमी पडतं. इंजिन सगळीकडून बंद करून आत थोडा दाब भरायचा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी सोडायचं. बुडबुडे जागा दाखवतात. गळती तशीच ठेवून जेट वाढवला तर गाडी तात्पुरती सुधारल्यासारखी वाटते आणि एक दिवस भरधाव असताना पिस्टन सीज होतो, म्हणजे तापून जाम होतो. चालवणारा कुणाचा तरी मुलगा असतो. या एका बाबतीत आमच्याकडे तडजोड नाही.

त्यानंतर कार्बोरेटरमधली पेट्रोलची पातळी राखणाऱ्या फ्लोटची उंची, आणि मग जेटिंग, म्हणजे योग्य जेट ठरवणं. थ्रॉटलच्या मुठीवर पट्टी चिकटवून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करतो, म्हणजे त्रास नेमका कुठे होतो ते मालकालाच सांगता येतं. पावपर्यंत पेट्रोल-हवेचं प्रमाण पायलट जेट आणि एअर स्क्रू ठरवतात, तिथून पाऊणपर्यंत मुख्यतः नीडल (थ्रॉटलबरोबर वर-खाली होणारी सुई), त्यापुढे मेन जेट. मधली तक्रार मेन जेटने जात नाही. तिथे नीडलची क्लिप एक खाच खाली घेतली की पेट्रोल वाढतं, वर घेतली की कमी होतं. मेनसाठी नवा प्लग लावून पूर्ण थ्रॉटलला पळवायचं, क्लच दाबून तिथेच इंजिन बंद करायचं आणि प्लगचा रंग बघायचा. पेट्रोल कमी पडतंय की जास्त, ते त्यावरून कळतं. आम्ही मेनपासून सुरुवात करतो, कारण इंजिन जळतं ते तिथे. हे मुंबईच्या रस्त्यावर करायचं काम नाही. गाडी टेम्पोत घालून कर्जतकडे ओळखीच्यांच्या माळावर नेतो.

आमचं नाव झालं ते मात्र नाशिकमुळे. तिथल्या शर्यतींना इथून गाड्या जातात. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे, हवा विरळ, त्यामुळे मुंबईचं जेटिंग तिथे रिच पडतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होतं, असं सगळे सांगतात. खरं आहे, पण दुपारी. हिवाळ्यात पहाटे तापमान दहाच्या आसपास असलं तर थंड हवा इतकी दाट होते की उंचीचा फरक जवळपास भरून निघतो आणि मुंबईचाच जेट चालतो. खरा धोका उलट आहे: दुपारच्या उन्हात जेट कमी केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तसाच सराव केला, तर गाडी लीन चालते, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. म्हणून शर्यतीला जाणाऱ्या प्रत्येकाला आम्ही कार्ड देतो. त्यावर सकाळचा जेट, दुपारचा जेट, क्लिपची खाच, एअर स्क्रूचे फेरे, ऑइलचं प्रमाण. ऑइलही लिहावंच लागतं, कारण त्याच पेट्रोलमध्ये ऑइल वाढवलं की जेटमधून जाणारं पेट्रोल तितकं घटतं.

सुरुवातीला या कामाचे वेगळे पैसे द्यायला लोक तयार नसत. नवीन पार्ट दिसत नाही ना. कार्ड हातात पडायला लागलं तेव्हापासून कुणी घासाघीस केली नाही. जेट आम्ही ऑपेरा हाउसच्या बाजारातून किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून आणतो, पण छापलेल्या नंबरवर विसंबत नाही. प्रत्येक भोक पिन गेजने (ठरावीक जाडीच्या पिनांनी) मोजून मगच डबीत टाकतो, कारण नकली जेटचा नंबर एक आणि भोक दुसरंच असतं.

सध्या जुनी कार्डं पुन्हा लिहिणं चालू आहे. पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो, म्हणून जुन्या जेटवर गाडी थोडी लीन पडते आणि बहुतेकांना एखाद-दोन नंबर वर जावं लागतं. शिवाय ते पाणी ओढतं. पावसाळ्यात उभ्या राहणाऱ्या गाडीची टाकी आणि फ्लोट चेंबर रिकामे करून ठेवा. आणि आमच्याकडे गाडी आणताना आधीच्या मेकॅनिकने काढलेले जेट फेकून न देता सोबत आणा. तो वाढवत गेला होता की कमी करत, हे कळलं तर आमचं अर्धं काम तिथेच होतं.